मॉर्मन पंथ : ऐकीव गोष्टी आणि इतिहास

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना महामार्गालगत जवाहरनगर लागते. ही आयुध निर्माणीची वसाहत. निर्माणीच्या निमित्ताने येथे तेलुगू, मल्याळी, बंगाली, हिंदी भाषक कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहत आली. त्यामुळे नाना पंथांचे ख्रिस्ती लोकही आम्हांला परके नाहीत. सीरियन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, पेंटेकोस्टल असे शेजारी असायचेच आणि नाताळच्या फराळाच्या ताटाला पंथभेद ठाऊक नसायचा. असे असूनही काही महिन्यांपूर्वी वसाहतीतील एका कॅथॉलिक घरी आलेल्या पाहुण्याने सर्वांनाच कोड्यात टाकले.

हैदराबादेत नोकरी करणाऱ्या घरच्या मुलीने ज्याला जोडीदार म्हणून पसंत केले होते, तोच हा पाहुणा. आईने चहा पुढे केला, तेव्हा त्याने हात जोडून नकार दिला. कॉफी चालेल का, तर तीही नको. "आज उपास आहे का रे बाळा?" असे आजीने विचारल्यावर तो संकोचून म्हणाला, "नाही आजी, आमच्या चर्चमध्ये चहा-कॉफी घेत नाहीत." मुलगा मॉर्मन होता. नाव बायबलमधले, आईवडील ख्रिस्ती म्हणवणारे, आठव्या वर्षी बाप्तिस्मा झालेला.

तो गेल्यावर घरात जी चर्चा झाली तिला मी साक्षी होतो. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस म्हणून मला मुद्दाम बोलावले होते. मामांनी सांगितले की, त्या लोकांत एकाला चार-चार बायका असतात. काकूंना खात्री होती की, ते मरणाच्या दारातही रक्त घेत नाहीत. कोणी म्हणाले, ते ख्रिस्ताची नव्हे, एका अमेरिकन माणसाची पूजा करतात. मुलीचे वडील तेवढे निश्चिंत होते. ते म्हणाले, "ख्रिस्तीच आहे ना? बाप्तिस्मा झालाय ना? मग आणखी काय पाहायचे?" त्या संध्याकाळी निघालेल्या गैरसमजांत सर्वांत मोठा गैरसमज या शेवटच्या, सौम्य वाक्यात होता, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

प्रथम नावाविषयी. 'मॉर्मन' हे त्या लोकांचे स्वतःचे नाव नव्हे. 'मॉर्मनचे पुस्तक' या त्यांच्या ग्रंथावरून इतरांनी दिलेले ते नाव आहे. त्यांच्या संस्थेचे नाव मराठीत मांडायचे तर 'उत्तरकालीन संतांची येशू ख्रिस्ताची मंडळी' असे होईल. २०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी जुने टोपणनाव वापरू नये, अशी विनंती केली होती. येथे मी तेच वापरणार आहे, कारण वाचकांच्या कानावर तेच आलेले असते. त्यात अनादर नाही.

जोसेफ स्मिथ हा या पंथाचा संस्थापक. त्याचा जन्म १८०५ मध्ये अमेरिकेतील व्हर्मॉंट राज्यात झाला. पुढे हे शेतकरी कुटुंब न्यू यॉर्क राज्यात आले. तेथे त्या काळी मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेसबिटेरियन उपदेशकांची चढाओढ चालू होती. यांपैकी खरा पंथ कोणता, असा प्रश्न किशोरवयीन जोसेफला पडला आणि १८२० च्या सुमारास आपल्याला दर्शन होऊन कोणत्याच पंथात सामील न होण्याची आज्ञा मिळाली, असे त्याने पुढे सांगितले. एका देवदूताने दाखविलेल्या सुवर्णपत्र्यांवरून आपण अनुवाद केला, असे सांगून त्याने १८३० मध्ये 'मॉर्मनचे पुस्तक' प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ६ एप्रिल रोजी त्याची मंडळी स्थापन झाली. १८४४ मध्ये इलिनॉय राज्यात कारथेज येथील तुरुंगावर जमाव चालून गेला आणि त्यात जोसेफ व त्याचा भाऊ हायरम मारले गेले. ब्रिगम यंग याच्या नेतृत्वाखाली बहुसंख्य अनुयायी पश्चिमेकडे निघाले व १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात स्थिरावले. त्यांचे मुख्य केंद्र आजही तेथेच आहे.

हा पंथ आपल्याकडे अलीकडे, संगणकाच्या नोकऱ्यांबरोबर आला, असा एक समज आहे. वस्तुस्थिती अशी की, मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला तेव्हा ठाण्याची रेल्वेदेखील सुरू झाली नव्हती. १८५१ मध्ये जोसेफ रिचर्ड्स हा प्रचारक कलकत्त्यात आला होता. त्यापाठोपाठ सप्टेंबर १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक मुंबईस पोहोचला. मुंबईत त्याचे कोणी फारसे ऐकले नाही. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी व इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याला विरोध केला. त्याने उत्तरादाखल पुस्तिका छापल्या. 'हिंदुस्थानातील मराठ्यांना' उद्देशूनही त्याने एक पुस्तिका काढली. मराठी माणसाला उद्देशून मॉर्मन प्रचारकाने लेखणी चालवली त्यास आता पावणेदोनशे वर्षे होत आली, हे किती जणांना ठाऊक असेल?

मुंबईहून फिंडले पुण्यास गेला. तेथे लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीत प्रचार करण्यास मज्जाव केला, म्हणून छावणीच्या हद्दीबाहेर जागा पाहून तो काम करू लागला. येथे एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. त्याच पुण्यात साठ वर्षांपूर्वी, १७९२ मध्ये, पेशव्यांनी आपल्या सैन्यातील कॅथॉलिकांसाठी जागा दिली होती. तेथेच आजचे सिटी चर्च उभे आहे. हिंदू राजवटीने परधर्मीयांना दिलेली मोकळीक कंपनी सरकारच्या छावणीने एका ख्रिस्ती म्हणविणाऱ्या उपदेशकाला दिली नाही! १८५३ मध्ये पुण्यात मॉर्मनांची छोटी शाखा स्थापन झाली. सुमारे डझनभर सभासद, एवढाच तिचा विस्तार.

मुंबईच्या कॅथॉलिकांचे या पाहुण्याकडे लक्ष गेले असेल, असे वाटत नाही. त्यांचे घरच पेटलेले होते. पोर्तुगालच्या राजाचा पाद्रोआदो आणि रोमचा प्रोपगांडा यांचा वाद ऐन भरात होता आणि १८५३ मध्येच बिशप हार्टमन यांना माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये विरोधकांनी वेढा घालून कोंडले होते. आपापसांत भांडणाऱ्या ख्रिस्ती लोकांना पाहूनच जोसेफ स्मिथने सर्व मंडळ्या भ्रष्ट झाल्या, असा निष्कर्ष काढला होता. मुंबईने फिंडलेला त्याच्या बाजूचा पुरावाच हाती दिला म्हणायचे.

एप्रिल १८५३ मध्ये आणखी तेरा प्रचारक कॅलिफोर्नियाहून जहाजाने कलकत्त्यास आले. त्यांच्या बाबतीत काळाने मोठा विचित्र योग साधला. ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक येथे भरलेल्या ज्या खास परिषदेत हिंदुस्थानासाठी प्रचारक नेमले गेले, त्याच परिषदेत दुसऱ्या दिवशी, २९ ऑगस्ट रोजी, बहुपत्नीत्व हा आपल्या पंथाचा सिद्धांत असल्याचे प्रथमच जाहीर करण्यात आले. तोवर ही चाल आतल्या आत होती व बाहेर ती नाकारली जात असे. बातमी जगभर पसरली. प्रचारकाने प्रार्थनेविषयी बोलावे आणि श्रोत्याने बायकांविषयी विचारावे, अशी त्यांची गत झाली. त्यातच नवश्रद्धाळूंनी अमेरिकेला स्थलांतर करावे, असा त्या काळी पंथाचा आग्रह होता. कलकत्त्यात दीक्षा घेतलेल्या मॅथ्यू मॅक्यून या लष्करी अधिकाऱ्याचे कुटुंब असेच निघून गेले. झाड रुजवायचे आणि रोपटे उपटून दुसऱ्या देशी न्यायचे, अशी ही शेती होती! १८५५ मध्ये ह्यू फिंडले गेला, १८५६ पर्यंत बहुतेक सारे परतले. पुण्याची शाखा टिकली नाही.

त्यानंतर १८८४ च्या सुमाराचा एक अल्प प्रयत्न सोडला तर हिंदुस्थानात दीर्घकाळ सामसूम होती. आजच्या भारतीय मॉर्मनांचे मूळ दक्षिणेत सापडते. एडविन धर्मराजू आणि त्यांच्या पत्नी एल्सी हे आंध्रचे दांपत्य नोकरीनिमित्त सामोआ बेटावर असताना त्या पंथात गेले. डिसेंबर १९७८ मध्ये ते हैदराबादेस आले आणि नात्यातील वीसेक जणांचा बाप्तिस्मा झाला. एल्सीबाईंचे वडील बाप्टिस्ट पाळक होते. 'मॉर्मनच्या पुस्तका'तील निवडक भागाचा तेलुगू अनुवाद त्यांनीच केला. पुढे १९९३ मध्ये बंगळूर येथे स्वतंत्र मिशन झाले, २०१२ मध्ये हैदराबादेत त्यांचा भारतातील पहिला 'स्टेक', म्हणजे ढोबळमानाने आपल्या धर्मप्रांतासारखा विभाग, स्थापन झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये बंगळूरला त्यांच्या मंदिराचे भूमिपूजन झाले. आमच्या पाहुण्याचे आजोबा हैदराबादेतीलच.

आता मामांच्या चार बायका. बहुपत्नीत्व ही मॉर्मन इतिहासातील खरी गोष्ट आहे, पण वर्तमानातील नव्हे. अमेरिकन सरकारने कायद्याचा बडगा उगारल्यावर १८९० मध्ये त्यांचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी असे विवाह थांबविण्याचे जाहीर केले. १९०४ मध्ये दुसरी ताकीद निघाली. आज जो असा विवाह करील त्याला बहिष्कृत केले जाते. वृत्तपत्रांत अधूनमधून अनेक बायका असलेल्या 'मॉर्मन' माणसाची छायाचित्रे येतात, ती फुटून निघालेल्या लहान गटांची असतात. काकूंचा रक्ताचा मुद्दा तर पत्ता चुकलेल्या पत्रासारखा आहे. रक्त न घेणारे ते यहोवाचे साक्षीदार. दोघेही दारोदार जोडीने फिरतात, म्हणून ही गल्लत होत असावी. मॉर्मन वर्ज्य मानतात ते चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू; हा नियम १८३३ चा. त्यांच्या रविवारच्या प्रभुभोजनातही भाकरीबरोबर द्राक्षारसाऐवजी पाणी असते.

जोसेफ स्मिथची ते पूजा करत नाहीत. त्याला संदेष्टा मानतात. आपण पवित्र मरियेची पूजा करतो, असे आपल्याला किती वेळा ऐकवले जाते! तो आरोप ऐकताना जे वाटते, ते आठवून तरी हा आरोप करताना जीभ आवरावी. ते बायबल टाकून देतात, हेही खरे नाही. बायबल त्यांच्या चार मान्य ग्रंथांपैकी एक आहे. ते ख्रिस्ताला मानीत नाहीत, हे म्हणणे तर अन्यायाचेच. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला आणि पुन्हा उठला, असे ते कळकळीने सांगतात.

मग वडिलांचे म्हणणे चूक कोठे? चूक येथे की, शब्द तेच असले तरी त्या शब्दांचा अर्थ तोच राहिलेला नाही. आपण 'पिता, पुत्र व पवित्र आत्मा' म्हणतो तेव्हा एकाच परमेश्वराविषयी बोलतो. तीन व्यक्ती, पण देवपण एकच. मॉर्मन शिकवणीप्रमाणे हे तीन वेगवेगळे देवस्वरूप आहेत आणि त्यांचे ऐक्य हेतूचे आहे. पित्याला मांस व हाडे असलेले शरीर आहे, असे जोसेफ स्मिथने १८४३ मध्ये शिकवले. पुढच्याच वर्षी, मृत्यूच्या काही आठवडे आधी दिलेल्या प्रवचनात तो आणखी पुढे गेला. देव एके काळी मनुष्यासारखा होता आणि मनुष्यही देवत्वाला पोहोचू शकतो, असा त्याचा आशय होता. आपण मानतो की, देवाने शून्यातून सर्व निर्माण केले. ते मानतात की, मूळ द्रव्य अनादी आहे आणि देवाने त्याला आकार दिला. येशू आणि सैतान भाऊ आहेत, असे ते म्हणतात, हा आरोप छापील पत्रकांत नेहमी असतो. त्याचे मूळ असे की, त्यांच्या मते सर्व आत्मे जन्मापूर्वी पित्याजवळ त्याची लेकरे म्हणून होते. ही शिकवण आपल्याला मान्य नाही, पण ती हिणवण्यासाठी सांगितली की तिचा अर्थच हरवतो आणि खरा प्रश्न, निर्माता आणि निर्मिती यांत अंतर आहे की नाही हा, बाजूला पडतो.

रोममध्ये ५ जून २००१ रोजी श्रद्धासिद्धांत परिषदेने जे उत्तर दिले त्याचा गाभा हाच. मॉर्मन मंडळीत दिलेला स्नानसंस्कार वैध आहे काय, असा प्रश्न होता. उत्तर एका शब्दाचे होते : नाही. त्यावर कार्डिनल रॅट्झिंगर यांची सही होती आणि पोप दुसरे जॉन पॉल यांची संमती होती. हा निर्णय लहान नव्हता. स्नानसंस्काराच्या बाबतीत ख्रिस्तसभा नेहमी उदार राहिली आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी पाखंडी लोकांनी दिलेला संस्कार अमान्य ठरविला, तेव्हा पोप पहिले स्टीफन यांनी तो मान्य केला. पुढे संत अगस्तीन यांनीही तीच बाजू उचलून धरली. देणारा चुकीचा असला तरी देणगी ख्रिस्ताची, हे तत्त्व. म्हणूनच आपण मेथडिस्ट किंवा सी.एन.आय.च्या माणसाला पुन्हा स्नानसंस्कार देत नाही. मॉर्मनही पाणी वापरतात, त्रैक्याचेच नाव घेतात, म्हणून त्यांचाही संस्कार वैध असण्याचा संभव पूर्वी धरला जाई. त्यांच्या शिकवणीचा नीट अभ्यास झाल्यावर दिसून आले की, नाव तेच असले तरी ज्याचे नाव घेतले जाते तो पवित्र त्रैक्य परमेश्वर त्यांना अभिप्रेत नाही. स्नानसंस्कार ख्रिस्ताने स्थापिला, असेही ते मानीत नाहीत. तो आदामापासून चालत आला, असे त्यांचे मत. अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट मंडळीनेही २००० साली, म्हणजे रोमच्या आधी, अशीच भूमिका घेतली होती.

हे मी त्या घरी सांगितले तेव्हा आजींना वाईट वाटले. एवढ्या गुणी मुलाला 'तुझा बाप्तिस्मा झालेलाच नाही' असे कसे सांगावे? मुलीने फोनवर त्याला सांगितलेच. तो रागावला नाही. म्हणाला, "आमच्याकडेही तुझा बाप्तिस्मा धरत नाहीत." अगदी खरे आहे. प्रेषितांच्या मृत्यूनंतर ख्रिस्तसभेतील अधिकार लोप पावला आणि तो जोसेफ स्मिथला १८२९ मध्ये परत मिळाला, हे त्या पंथाचे आधारभूत मत. तेव्हा त्यांच्या दृष्टीने पेत्रापासून आजवरची आपली परंपरा मध्येच तुटलेली आहे. कॅथॉलिक माणूस त्यांच्यात गेला तर त्याला पुन्हा पाण्यात बुडवितात. दोन्ही घरे एकमेकांना स्पष्ट उत्तर देतात आणि त्यातच प्रामाणिकपणा आहे.

विवाहाच्या दृष्टीने याचा परिणाम थेट होतो. मेथडिस्ट मुलाशी कॅथॉलिक मुलीचा विवाह हा मिश्र विवाह. त्याला बिशपांची परवानगी लागते. स्नानसंस्कार न झालेल्या व्यक्तीशी होणाऱ्या विवाहात मात्र भिन्नधर्माची बाधा येते. बिशपांनी ती बाधा दूर करणारी सूट दिल्याशिवाय तो विवाह वैधच होत नाही. 'ख्रिस्तीच आहे' असे समजून अर्जात चुकीचा रकाना भरला असता तर मुलीचा विवाहच अवैध ठरण्याची वेळ आली असती. शिवाय आपली श्रद्धा टिकविण्याचे आणि मुलांना कॅथॉलिक श्रद्धेत वाढविण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन मुलीला द्यावे लागते. ते मुलाच्या कानावर आधीच घालावे लागते.

दुसऱ्या बाजूचे दुःखही नोंदले पाहिजे. मॉर्मन श्रद्धेप्रमाणे साधा विवाह मृत्यूबरोबर संपतो. मंदिरात 'मोहोरबंद' झालेले कुटुंब तेवढे अनंतकाळ एकत्र राहते. तो विधी दोघेही त्या पंथाचे असल्याखेरीज होत नाही. हैदराबादच्या त्या आईला आपला मुलगा परलोकात आपल्या कुटुंबासोबत कसा असणार, ही चिंता लागली होती. जवाहरनगरच्या आजींच्या चिंतेहून ती फार निराळी नाही.

याच विश्वासातून पूर्वजांचा शोध घेण्याची त्यांची धडपड आली आहे. मृतांसाठी बाप्तिस्मा म्हणजे प्रेत उकरून काही करतात, अशी भलतीच कल्पना मी ऐकली आहे. प्रत्यक्षात जिवंत माणूस मृताच्या नावाने स्वतः बाप्तिस्मा घेतो आणि तो स्वीकारावा की नाकारावा, हे मृताच्या आत्म्यावर सोपवले आहे, असे ते मानतात. त्यासाठी नावे हवीत, म्हणून त्यांच्या वंशावळ संस्थेने जगभरच्या नोंदवह्यांची छायाचित्रे घेतली. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यादेखील त्यातून सुटल्या नाहीत! इतिहासाच्या अभ्यासकाला हा खजिनाच आहे. तथापि आपल्या धर्मग्रामांच्या नोंदवह्यांतील नावे अशा विधीसाठी वापरली जाऊ नयेत, म्हणून रोमने एप्रिल २००८ मध्ये सर्व बिशपांना त्या वह्या या संस्थेला न देण्याची सूचना केली. त्याच रोम नगरात त्यांचे मंदिर उभे राहिले आणि त्याच्या अर्पणविधीच्या आदल्या दिवशी, ९ मार्च २०१९ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी नेल्सन यांची भेट घेतली. पोप आणि मॉर्मन अध्यक्ष यांची ती पहिली भेट होती. नोंदवह्या दिल्या नाहीत, पण हात पुढे केला.

वडिलांचा अर्ज आता नागपूरच्या धर्मप्रांत कार्यालयात गेला आहे. धर्मगुरूंनी स्नानसंस्काराच्या रकान्यात जे लिहायचे ते मुलाला समोर बसवून, वाचून दाखवून लिहिले. त्या दिवशी तो पुन्हा घरी आला, तेव्हा आजींनी कोणालाही न विचारता चहाचे आधण उतरवले आणि संत्री सोलायला घेतली.